नांव कोणाचें, आवाज कोणाचा?

सन २०१३ च्या एप्रिल महिन्यांत अमेरिकेंत 'क्वीन्सराइक' या नांवाच्या बँडचा एक अल्बम बाजारांत आला. त्यानंतर दोनच महिन्यांनीं, जूनमध्यें, 'क्वीन्सराइक' याच नांवाच्या बँडचा दुसरा अल्बम आला. पहिल्यांत जो मनुष्य गात होता त्याचा दुसऱ्याशीं कांहीं संबंध नव्हता. आणि दुसऱ्यांत जे वाजवीत होते त्यांचा पहिल्याशीं नव्हता. तरी दोहोंवर नांव एकच, आणि तें वापरण्याची मोकळीक न्यायालयानें दोन्ही पक्षांस तूर्त दिलेली. ही हकीकत प्रथम ऐकणारास हसूं येतें, आणि तें साहजिक आहे. एकाच नांवाचीं दोन मिठाईचीं दुकानें समोरासमोर उभीं असावीं आणि दोघांनींही 'मूळ दुकान हेंच' अशी पाटी लावावी, तसला हा प्रकार दिसतो. परंतु मिठाईच्या बाबतींत आपण दोन्हीकडचा पेढा खाऊन पाहतों आणि जो बरा लागेल त्याचें गिऱ्हाईक होतों. तेथें मनास टोंचणी लागण्याचें कारण नसतें. या दोन अल्बमांच्या बाबतींत मला मात्र टोंचणी लागली, आणि ती अद्याप गेलेली नाहीं. दुसरा अल्बम मला आवडला. तो आवडून घेण्याचा मला कितपत अधिकार होता, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

सर्वच वाचकांस हें संगीत परिचयाचें असेल असें नाहीं, म्हणून थोडी पूर्वपीठिका सांगतों. विजेच्या गिटारीचा मुद्दाम खरखरीत केलेला नाद, ड्रम्सचा भडिमार आणि बहुधा तारसप्तकांत चढलेला कंठ यांवर 'मेटल' नांवाचें संगीत उभें असतें. त्यांतच लांबलचक रचना, बदलते ताल, अल्बमभर चालणारें एखादें कथानक अशी महत्त्वाकांक्षा शिरली म्हणजे त्यास 'प्रोग्रेसिव्ह मेटल' म्हणतात. क्वीन्सराइक हा त्या पंथाच्या आद्य प्रवर्तकांपैकीं एक होय. वॉशिंग्टन राज्यांत सिॲटल शहराच्या शेजारीं बेलव्ह्यू म्हणून गांव आहे. तेथील मायकेल विल्टन व ख्रिस डिगार्मो हे दोन गिटारवादक, एडी जॅक्सन हे बेस वाजविणारे आणि स्कॉट रॉकनफील्ड हे ड्रम्स वाजविणारे, असे चौघे तरुण एकत्र जमले होते. पण त्यांच्यापाशीं गायक नव्हता. जेफ टेट हे दुसऱ्याच एका बँडांत गात असत. चौघांनीं आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रणापुरतें त्यांस बोलावून घेतलें, आणि पुढें ते तेथलेच झाले. त्या मुद्रणांतल्या एका गाण्याच्या शीर्षकावरून बँडाचें नांवही पडलें. म्हणजे ज्या आवाजावांचून या नांवाची कल्पनाही पुढें कोणास करतां येईना, तो आवाज मुळांत पाहुणा म्हणून आला होता. ही गोष्ट मीं बरीच वर्षें वाचून सोडून दिली होती. खटला उभा राहिला तेव्हां ती पुन्हां आठवली.

१९८३ सालीं चार गाण्यांची छोटी तबकडी निघाली, १९८४ त 'द वॉर्निंग', १९८६ त 'रेज फॉर ऑर्डर', आणि १९८८ त 'ऑपरेशन: माइंडक्राइम'. या शेवटच्या अल्बमास त्या पंथांत जवळजवळ ग्रंथाची प्रतिष्ठा आहे. निकी नांवाचा एक व्यसनी तरुण. त्याची इच्छाशक्ति हिरावून घेऊन त्याच्याकडून खून करविणारा डॉक्टर एक्स. पूर्वायुष्यांत वेश्या असलेली व आतां जोगीण झालेली मेरी. मेरीलाच मारण्याची निकीस झालेली आज्ञा. आणि अखेरीस आपण कोण, आपण काय केलें, हें आठवण्यासाठीं रुग्णालयांत धडपडणारा निकी, असें तें कथानक. मनुष्याचें नांव कायम राहून त्याच्या आंतला कर्ताच बदलला तर कृत्याची जबाबदारी कोणावर, हा प्रश्न त्या कथेंत आहे. पुढें तोच प्रश्न निराळ्या वेषांत ती कथा गाणारांच्याच दारीं यावा, हा योगायोग कोणा कादंबरीकारानें रचला असता तर आपण त्यास कृत्रिम म्हटलें असतें.

१९९० च्या 'एम्पायर' मध्यें 'सायलेंट ल्युसिडिटी' हें डिगार्मो यांनीं रचलेलें शांत गाणें होतें. तें १९९१ त अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादींत पहिल्या दहांत जाऊन बसलें, आणि त्याच्यामुळें हें नांव माझ्यासारख्या दूरच्या माणसापर्यंत पोहोंचलें. एका मित्रानें एका कॅसेटीच्या दोन बाजूंवर 'माइंडक्राइम' आणि 'एम्पायर' उतरवून दिले होते. मजकडे त्या वेळीं दुसरें फारसें कांहीं ऐकायला नसल्यामुळें म्हणा, किंवा वयामुळें म्हणा, तो आवाज माझ्या कानांत घर करून बसला. टेट यांचा त्या काळचा कंठ अगदीं वेगळा होता. वर चढतांना तो चिरकत नसे. उलट वर गेल्यावर त्यास जागा अधिक सांपडे, आणि शब्दांचे उच्चार नाटकांतल्या नटासारखे स्पष्ट राहत. पुष्कळ गायक उंच स्वर आपण कसा गांठला हें दाखवितात. टेट तेथें पोहोंचून बोलूं लागत.

पुढचा इतिहास थोडक्यांत सांगण्यासारखाच आहे. १९९७ च्या अल्बमानंतर डिगार्मो बाहेर पडले आणि कालांतरानें वैमानिक झाले. ते गेले आणि गाण्यांतली धार गेली, असें माझें मत आहे. तें अनेकांचें आहे. टेट यांची ओढ मेटलपासून दूर, निराळ्या कांहीं रचनांकडे होती, आणि त्यांचा आवाज वयोमानानें खालीं उतरत होता. २०११ चा 'डेडिकेटेड टू केऑस' मला एका बैठकींत पुरा ऐकवला नाहीं. बँडाचा कारभार टेट यांच्या पत्नी पाहत. २०१२ च्या एप्रिलांत बाकीच्या तिघांनीं त्यांस त्या कामावरून दूर केलें, आणि त्याच सुमारास ब्राझीलमधील साओ पावलो येथें, रंगमंचावर जाण्याच्या ऐन वेळीं, टेट व इतर यांच्यांत वाद विकोपास गेला. त्या रात्रीची हकीकत दोन्ही पक्षांनीं निरनिराळी सांगितली आहे, आणि तिचा निवाडा करण्याची मला हौस नाहीं. जूनमध्यें तिघांनीं टेट यांस बँडांतून काढलें. टेट न्यायालयांत गेले. नांवाची मालकी ज्या कंपनीची होती तिचे भागीदार चार. तीन एका बाजूस व एक दुसऱ्या बाजूस, अशी ती विभागणी होती.

येथें मला हॉब्जची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं. थीसियस ज्या जहाजांतून क्रीटहून परतला तें अथेन्सकरांनीं पुष्कळ पिढ्या जपून ठेवलें, आणि कुजलेली फळी काढून नवी बसवीत गेले. तेव्हां तें जहाज तेंच कीं दुसरें, यावर तत्त्वज्ञ वाद घालीत, असें प्लूटार्कनें लिहून ठेविलें आहे. सतराव्या शतकांत हॉब्जनें त्या प्रश्नास एक नवा फांटा फोडला. काढून टाकलेल्या फळ्या कोणी एकानें गोळा केल्या, आणि पहिल्याच क्रमानें जोडून दुसरें जहाज उभें केलें, तर खरें जहाज कोणतें? दोन्ही खरीं म्हणावीं तर एका वस्तूच्या दोन वस्तू झाल्या, आणि तें बुद्धीस मान्य होत नाहीं. विद्यार्थिदशेंत हा प्रश्न मला रिकामटेकड्यांचा वाटे. सिॲटलच्या न्यायालयांत तो फिर्यादीचें रूप घेऊन उभा राहील असें तेव्हां कोणी सांगितलें असतें तर मीं त्याची थट्टा केली असती.

आणि खरोखरच तो अक्षरशः उभा राहिला. टेट यांनीं नवे साथीदार जमवून 'फ्रीक्वेन्सी अननोन' नांवाचा अल्बम काढला. त्याच्या शीर्षकाचीं आद्याक्षरें जुळविलीं तर इंग्रजींत शिवी होते. ती कोणास उद्देशून होती हें सांगणें नको. त्या अल्बमाच्या शेवटीं त्यांनीं 'एम्पायर', 'सायलेंट ल्युसिडिटी' इत्यादि चार जुनीं गाणीं नव्यानें गाऊन घातलीं होतीं. म्हणजे जुन्या फळ्या गोळा करून जहाज पुन्हां बांधण्याचा हा उघड उद्योग होता. पण ऐकावें तों काय! गाणें तेंच, कंठही त्याच मनुष्याचा, आणि तरीही कोणी दुसराच टेट यांची नक्कल करीत आहे असें वाटे. उलट पक्षीं विल्टन, जॅक्सन व रॉकनफील्ड यांनीं जो अल्बम काढला, त्यास त्यांनीं 'क्वीन्सराइक' एवढेंच नांव दिलें. खटला चालू असतांना स्वतःच्या अल्बमास स्वतःचेंच नांव देणें हा एक प्रकारें अर्जच होय. त्यांतल्या गाण्यांचीं शीर्षकेंही वकिलाच्या कागदपत्रांतून उचलल्यासारखीं आहेत: एकाचा अर्थ उद्धार, दुसऱ्याचा निर्दोषत्वाची सिद्धि, तिसऱ्याचा मागें वळून पाहूं नको. मुद्रणाच्या कामीं त्यांनीं जिम्बो बार्टन यांस बोलावलें. 'माइंडक्राइम' आणि 'एम्पायर' यांच्या ध्वनीवर ज्यांचा हात फिरला होता ते हेच बार्टन. अल्बम आहे अवघ्या पस्तीस मिनिटांच्या आसपासचा. त्यांत पाल्हाळ नाहीं, दोन गिटारी पुन्हां एकमेकींशीं बोलूं लागल्या आहेत, आणि ड्रम्सना कोणी तरी बऱ्याच वर्षांनीं खिडकी उघडून दिल्यासारखें वाटतें. त्यांत गाणारे टॉड ला टॉरे हे फ्लॉरिडाचे. मूळचे ते ड्रम्स वाजविणारे. २०१० पासून ते 'क्रिम्सन ग्लोरी' या दुसऱ्या एका जुन्या बँडांत गात होते, ज्याचा मूळ गायक २००९ सालीं वारला होता. रिकाम्या झालेल्या जागेवर उभें राहण्याचा अनुभव त्यांस अगोदरच होता म्हणावयाचा.

आतां खऱ्या अडचणीकडे येतों. ला टॉरे यांचा आवाज ऐकतांच मला जें वाटलें तें 'हा नवा गायक चांगला आहे' असें नव्हतें. मला वाटलें, 'टेट परत आले.' चोपन्न वर्षांचे, भांडलेले, शिवीचें शीर्षक देणारे टेट नव्हेत. माझ्या कॅसेटींतले, पंचविशी-तिशीचे टेट. ज्या मनुष्यास घराबाहेर काढलें होतें, त्याच्याच तारुण्यास घरांत घेऊन गादीवर बसविलें होतें, आणि मी टाळ्या वाजवीत होतों. गायक म्हातारा झाला कीं त्याच्या जागीं दुसरा येतो, ही जगाची रीत आहे. परंतु येथें प्रतिस्पर्धी म्हणून जो उभा केला होता तो त्याचा स्वतःचाच भूतकाळ होता. दुसऱ्या कोणाशीं तुलना झाली असती तर टेट यांस म्हणतां आलें असतें कीं त्याचा मार्ग निराळा, माझा निराळा. स्वतःच्या तरुणपणाशीं ज्याची तुलना होते त्यानें काय म्हणावें?

थीसियसच्या जहाजाचा दाखला येथें तोकडा पडतो. फळी काढली तर फळीला दुःख होत नाहीं. कोणतें जहाज खरें, हा प्रश्न पाहणाराचा आहे. कोणत्याही फळीचा नाहीं. मनुष्यांच्या मंडळीबद्दल विचारतांना मात्र 'ही तीच काय?' या प्रश्नाच्या पोटांत 'कोणाचें काय बुडालें?' हा दुसरा प्रश्न दडलेला असतो, आणि पहिल्याचें उत्तर मोठ्या चातुर्यानें दिलें म्हणून दुसरा सुटत नाहीं.

आमच्या वाचकांस ही गोष्ट अगदींच परकी वाटूं नये. किर्लोस्कर मंडळीचे जनक अण्णासाहेब १८८५ त वारले, नांव चाललें. भाऊराव कोल्हटकर १९०१ त गेले, नांव चाललें. १९०५ त बालगंधर्व आले, आणि १९१३ त टेंबे व बोडस यांच्यासह बाहेर पडून त्यांनीं आपली नवी मंडळी काढली. जुन्या नांवावर हक्क न सांगतां त्यांनीं नवें नांव घेतलें. प्रेक्षक कंठामागें गेले, आणि नांव मागें राहिलें. तेथें नांव आणि आवाज यांची फारकत सरळ झाली. क्वीन्सराइकचें कोडें असें कीं, नांव एका बाजूस राहिलें आणि आवाजही त्याच बाजूस राहिला. बाहेर पडला तो केवळ मनुष्य.

कोणी म्हणेल, हा भावनेचा पसारा आहे. आवाजावर कोणाची मालकी नसते. दोन माणसांचे कंठ सारखे असणें हा निसर्गाचा प्रकार आहे, आणि शिष्य गुरूसारखा गातो त्यांत चोरी नाहीं. आमच्याकडे तर शिष्य गुरूचा बसलेला आवाज आणि मान हलविण्याची लकबदेखील उचलतो, आणि त्यास आपण परंपरा म्हणून गौरवितों. हें सगळें मान्य. पण शिष्य गुरूच्या आशीर्वादानें गातो. निदान गुरूस कोर्टांत उभें करून गात नाहीं. शिवाय ला टॉरे यांच्यावर मी कांहीं आरोप करीत नाहीं. ज्याला आपल्या आवडत्या बँडानें गायला बोलावलें त्यानें नाहीं म्हणावें, इतकी विरक्ति मी कोणापासून अपेक्षीत नाहीं. तिघा जुन्या साथीदारांवरही माझा रोष नाहीं. तीस वर्षें ज्या मनुष्याबरोबर वाजविलें त्याच्याबरोबर आतां एका खोलींत बसवत नाहीं, हें बाहेरच्यानें समजून घेण्यासारखें आहे. माझा प्रश्न ऐकणाराबद्दल आहे. आपल्या सुखासाठीं ज्याची किंमत दुसऱ्यानें मोजली आहे, अशा सुखाशीं ऐकणारानें कसें वागावें?

या प्रश्नास मला कांहींसें उत्तर मिळालें तें हॉब्जपाशीं नव्हे, मिलिंदप्रश्नांत. ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्षु नागसेन यांचा रथाबद्दलचा संवाद पुष्कळांस ठाऊक असतो: चाक म्हणजे रथ नव्हे, आंस म्हणजे रथ नव्हे, तरी त्या सर्वांच्या मेळास रथ हें नांव आहे. त्या दृष्टीनें पाहिलें तर क्वीन्सराइक म्हणजे टेटही नव्हेत आणि विल्टनही नव्हेत, आणि वाद मिटला! पण नागसेनानें तेवढ्यावर थांबण्याचा आळस केला नाहीं. आत्मा म्हणून टिकणारी वस्तु नाहीं असें म्हटलें तर पापाचें फळ कोणाला, ही राजाची शंका होती. आणि तिच्या उत्तरादाखल त्यानें आंब्याच्या चोराची गोष्ट सांगितली. एकानें दुसऱ्याचे आंबे चोरले. धरला गेल्यावर तो म्हणतो, 'यानें जो आंबा पेरला तो निराळा, मीं नेले ते निराळे. मी याचा देणेकरी कसा?' तर्क बिनचूक आहे. पेरलेला आंबा केव्हांच मातींत कुजून गेला. तरीही चोर अपराधीच ठरतो, कारण नंतरचे आंबे त्या पहिल्यापासूनच निपजले.

या दृष्टांतानें माझ्यापुरता प्रश्न बराच उलगडला. 'तेंच कीं दुसरें' याचा निकाल लागो वा न लागो, देणें राहतेंच. २०१३ चा अल्बम मला गोड लागला तो एका पेरणीमुळें, जी १९८३ पासून पांच जणांनीं केली होती. ला टॉरे यांचा उंच स्वर मला नुसता उंच वाटला नाहीं, ओळखीचा वाटला. आणि ती ओळख घडविणारा मनुष्य टेट होते. ज्या कानानें मी नव्या गायकास दाद दिली तो कानच जुन्यानें तयार केला होता. तेव्हां अल्बम ऐकूं नये, असा याचा अर्थ होत नाहीं. आंबा खाऊं नये असें नागसेन म्हणत नाहीं. पण 'यांत त्याचें कांहींच नाहीं, बरा गेला!' असें म्हणून जो खातो तो त्या चोराचा युक्तिवाद करतो. त्या दिवसांत माझ्यासारख्या जुन्या श्रोत्यांनीं हा युक्तिवाद मोठ्या आनंदानें केला. नव्या अल्बमाची स्तुति करतांना टेट यांची निंदा हा जणूं तिचा अर्धा भाग होऊन बसला होता. मीही बोललों आहें. त्यांचा २०११ चा अल्बम मला आवडला नव्हता हें खरें. परंतु मनुष्यानें सदैव तीस वर्षांचें राहावें ही आपली मागणी त्यानें पुरी केली नाहीं, याचाही राग त्या बोलण्यांत मिसळला होता, हें मला तेव्हां कळलें नाहीं.

२०१४ च्या एप्रिलांत तडजोड झाली, आणि ती मला अनेक तत्त्वज्ञांच्या उत्तरांपेक्षां शहाणी वाटते. नांव तिघांकडे राहिलें. टेट यांस 'ऑपरेशन: माइंडक्राइम' आणि त्याचा २००६ चा दुसरा भाग हे अथपासून इतिपर्यंत रंगमंचावर सादर करण्याचा एकट्यांचा हक्क मिळाला. म्हणजे नांव एकाकडे गेलें आणि ज्या कृतीनें नांवास मोल आलें ती दुसऱ्याकडे. जहाज अर्धें कापल्यासारखें हें दिसेल. पण पाहा: रोज चालवायची, नवीं गाणीं रचायची, गांवोगांव नेण्याची जी जबाबदारी, ती नांवाबरोबर जाते, आणि जें एकदां पुरें होऊन गेलें आहे, ज्याच्या प्रत्येक शब्दांत गाणाराचा श्वास आहे, तें करणाऱ्याशीं जडून राहतें. वारस घर घेतो, पण वडिलांचीं पत्रें त्याच्या नांवचीं होत नाहींत. तथापि यांतही एक अन्याय मला दिसतो, तो बोलून दाखवितों. 'माइंडक्राइम' च्या संगीतांत डिगार्मो यांचा वांटा फार मोठा, आणि ते तर सगळ्या भांडणाच्या कितीतरी अगोदर विमान चालवायला निघून गेले होते. कोणत्याच पक्षाच्या दाव्यांत ते बसत नाहींत. ज्याला कांहींच मागावयाचें नसतें त्याचें देणें सर्वांत सहज विसरलें जातें.

ला टॉरे यांच्याविषयीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या आवाजासाठीं त्यांस आणलें त्या आवाजांत त्यांस कायमचें कोंडून ठेवलें असतें तर तो त्यांच्यावरही अन्यायच झाला असता. पहिल्या अल्बमांत तें भय मला वाटलें होतें. कांहीं ठिकाणीं स्वर घेण्याची पद्धत इतकी जुन्यासारखी आहे कीं, मनुष्याऐवजीं आरशाशीं बोलत असल्याचा भास होतो. २०१५ च्या 'कंडिशन ह्यूमन' मध्यें तो कांहींसा कमी झाला. २०१९ च्या 'द व्हर्डिक्ट' च्या वेळीं रॉकनफील्ड बँडाबरोबर नव्हते, तेव्हां ड्रम्सही ला टॉरे यांनींच वाजविले. आणि मला तो अल्बम अधिक आवडतो तो यासाठीं कीं, त्यांतला आवाज आतां टेट यांचा राहिलेला नाहीं. तो अधिक कर्कश आहे, त्यांत राग अधिक आहे, आणि टेट यांची ती नाटकी नजाकत त्यांत नाहीं. जुने श्रोते याबद्दल कुरकुरतात. मी कुरकुरत नाहीं. टेट यांचें भूत उतरून एक मनुष्य गाऊं लागला, याचें मला समाधानच वाटलें. पुढें रॉकनफील्ड यांनींही साथीदारांवर दावा लावला. २०२२ चा 'डिजिटल नॉइज अलायन्स' निघाला तेव्हां मूळच्या पांचांपैकीं विल्टन आणि जॅक्सन असे दोघेच उरले होते. अथेन्सचें जहाज असेंच होत जातें.

टेट 'माइंडक्राइम' घेऊन देशोदेशीं फिरतच राहिले. २०१८ त त्या अल्बमास तीस वर्षें झालीं तेव्हां त्यांनीं तो सबंध गाऊन दाखविला. इकडे २०२४ त क्वीन्सराइकनें १९८३ ची छोटी तबकडी आणि १९८४ चा 'द वॉर्निंग' हीं दोन्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत सादर केलीं. तीं गाणीं प्रथम मुद्रित झालीं तेव्हां ला टॉरे शाळकरी पोर होते. या दोन्ही मैफलींचीं चित्रणें मीं पाहिलीं. एकीकडे वयस्क मनुष्य आपलीं गाणीं दोन-तीन स्वर खालीं आणून, कोठें प्रेक्षकांच्या तोंडीं ओळ देऊन, सांभाळून गातो. दुसरीकडे त्याच्याहून पंधरा वर्षांनीं लहान मनुष्य त्याच उंचीवर निर्धास्त चढतो. प्रेक्षक दोन्हीकडे डोळे मिटून होते. त्यांतले कांहीं चेहरे माझ्या वयाचे होते.

मित्रानें दिलेली ती कॅसेट अजून माझ्यापाशीं आहे. तिच्या पाठीवर माझ्या अक्षरांत बँडाचें नांव आहे, आणि तें चुकलेलेंही आहे, कारण त्या वेळीं त्याचा उच्चार मला ठाऊक नव्हता. मध्यंतरीं हा लेख लिहावयास घेतला तेव्हां ती लावून पाहिली. यंत्राचा पट्टा ढिला झाला आहे, त्यामुळें फीत सावकाश फिरते. टेट यांचा तो वरचा स्वर तिच्यांत आतां जवळजवळ अर्ध्या स्वरानें खालीं उतरून ऐकूं येतो. यंत्र दुरुस्तीला टाकावें असें मनांत आहे. अजून टाकलेलें नाहीं.